केंद्र उघडणे सोपे, चालविणे अवघड
(सार्वजनिक इंटरनेट केंद्रांचा थोडा इतिहास आणि आपले कर्तव्य)

वाचकहो, बीड शहराच्या दक्षिणेस काही मैलांवर असलेली खजाना विहीर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहच्या अमदानीत, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. किल्ल्यासाठी आलेला खजिना या विहिरीवर खर्च झाला म्हणून तिचे नाव ‘खजाना’ पडले, अशी आख्यायिका आहे. चार शतके उलटून गेली. कितीतरी दुष्काळ आले आणि गेले. पण या विहिरीच्या पाण्याचा लौकिक कायम राहिला. बांधणाऱ्याचे नाव इतिहासाने जपून ठेवले. मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिचा गाळ ज्यांनी काढला, निसटलेला दगड ज्यांनी पुन्हा बसविला, त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? सार्वजनिक सोय उभारण्याचा मान एकाला मिळतो, ती टिकविण्याचे काम अनेकांना रोज करावे लागते.

हा विषय आज काढण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या काळातही एक नवी विहीर खोदली गेली आहे. तिचे नाव इंटरनेट. दाखला, सातबारा, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, पीकविमा, सारे याच विहिरीतून शेंदावे लागते. २०२५ साली अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन पद्धतीने झाले. पूर्वी ही पद्धत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. त्या वर्षी ती पाटोदा, शिरूर कासार, वडवणीच्या विद्यार्थ्यांनाही लागू झाली. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि सारे वेळापत्रक पुढे ढकलावे लागले. ज्याच्या घरी संगणक आहे त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला. ज्याने एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याचे केंद्र गाठले होते, त्याला पुन्हा एक दिवस बुडवावा लागला. गरिबाच्या दृष्टीने इंटरनेट म्हणजे पुष्कळदा असे एखादे सार्वजनिक केंद्रच असते. ते बंद असले की त्याचे सरकारदरबारचे दारच बंद होते.

म्हणून अशी केंद्रे कोठे निघाली, कोठे टिकली आणि कोठे बुडाली, याचा इतिहास पालकांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

जुने दाखले

एकाच्या घरी परवडत नाही ती वस्तू सर्वांनी मिळून वापरावी, ही कल्पना नवी नाही. पुस्तके महाग होती म्हणून सार्वजनिक वाचनालये निघाली. अमेरिकेतील पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी याच्या देणगीतून १८८३ पासून पुढच्या सुमारे साडेचार दशकांत जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. या दानशूर माणसाची एक अट मोठी विचार करण्यासारखी होती. इमारतीसाठी मी पैसे देतो, पण गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालविण्यासाठी स्वतःच्या तिजोरीतून देण्याचे वचन द्यावे. वचन नाही तर देणगीही नाही! त्यातली कित्येक ग्रंथालये शतक उलटल्यावरही चालू राहिली, याचे पुष्कळसे श्रेय या अटीला द्यावे लागेल. आपल्या महाराष्ट्रातही १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि दरवर्षी अनुदान देण्याची रीत सुरू झाली. हे अनुदान तुटपुंजे असल्याची तक्रार जुनी आहे, पण ते एकदाच न मिळता वर्षानुवर्षे मिळत राहिले म्हणून हजारो गावांत वाचनालयाची पाटी राहिली.

दुसरा दाखला रेडिओचा. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावे निवडली. गावोगाव श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकावयाचा, मग बसून त्यावर चर्चा करावयाची आणि जे पटले ते गावात करून पाहावयाचे, असा त्याचा नेम होता. आपला बीड जिल्हा त्या वेळी अजून हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे या प्रयोगाचा लाभ आपल्याला झाला नाही. प्रयोग फार यशस्वी झाला. १९५९ पासून देशभर अशी मंडळे काढण्याचे ठरले. परंतु त्या दीडशे गावांत जेवढे लक्ष पुरविले गेले होते तेवढे देशभर कोणी पुरविणार? बिघडलेला रेडिओ दुरुस्त करणारा आणि मंडळाची बैठक बोलावणारा माणूस जेथे नव्हता, तेथे मंडळ कागदावर उरले. नमुना म्हणून चालविलेली योजना आणि नित्य चालणारी योजना यांतला फरक येथे दिसून आला.

तिसरा दाखला आपल्या आई-वडिलांना चांगला आठवत असेल. तो म्हणजे पिवळ्या पाटीचा एस.टी.डी.-पी.सी.ओ. १९८४ साली ‘सी-डॉट’ ही संस्था स्थापन झाली, सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने देशी बनावटीची टेलिफोन केंद्रे तयार झाली आणि पुढील काही वर्षांत बसस्थानकासमोर, दवाखान्याशेजारी, बाजारपेठेत काचेच्या खोल्या दिसू लागल्या. या खोल्या चालविणाऱ्याला सरकारी पगार नव्हता. प्रत्येक फोनमागे ठरलेले कमिशन त्याला मिळे आणि त्यावर त्याचे घर चाले. म्हणून तो पहाटे उघडी आणि रात्री उशिरा बंद करी. अनेक अपंग बांधवांना यातून रोजगार मिळाला. अशा फोनांची संख्या देशात वीस लाखांच्या पुढे गेली होती. मग मोबाईल स्वस्त झाला आणि पाहता पाहता त्या खोल्या झेरॉक्सची किंवा रिचार्जची दुकाने झाल्या.

या तीन दाखल्यांतून तीन गोष्टी निघतात. चालू खर्चाची सोय पहिल्या दिवशीच झाली पाहिजे. देखभाल करणारा माणूस नेमलेला असला पाहिजे. आणि लोकांची गरज बदलली की केंद्राचे कामही बदलले पाहिजे. पुढचा सगळा इतिहास या तीन कसोट्यांवर घासून पाहता येतो.

वारणेचा प्रयोग

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केले. प्रारंभी ते मुंबईसारख्या चार-सहा शहरांपुरतेच होते. खेड्यापर्यंत ते न्यावे कसे, याचा देशातील एक अगदी पहिला मोठा प्रयत्न आपल्या महाराष्ट्रात झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर हे तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकाराचे माहेरघर. साखर कारखाना, दूध संघ, शाळा-महाविद्यालये असा मोठा पसारा तेथे होता. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांना संगणकाने जोडण्याची योजना आखली. गावोगाव मिळून पन्नासहून अधिक केंद्रे निघाली. तेथे शेतकऱ्याला बाजारभाव कळावेत, जमिनीचे उतारे मिळावेत, मुलांना शिक्षण मिळावे, असा व्यापक हेतू होता. देशोदेशीचे अभ्यासक वारणेला येऊन गेले.

काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा निराळेच चित्र दिसले. केंद्रे चालू होती, पण त्यांचा वापर मुख्यतः उसापुरता होता. तोडणीचा परवाना, उसाचे वजन, खताची उचल, बिलाचा हिशेब एवढीच कामे तेथे होत. बाजारभाव आणि शिक्षण बाजूला राहिले होते. संगणक जुने झाले होते, वीज बेभरवशाची होती आणि दुरुस्तीचा खर्च वाढत होता. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन संस्थेने २००६-०७ च्या सुमारास सात गावांत एक साधा प्रयोग केला. संगणकाच्या जागी मोबाईल ठेवला आणि तीच माहिती एस.एम.एस.ने देण्यास आरंभ केला. शेतकऱ्यांना तो अधिक सोयीचा वाटला आणि खर्चही पुष्कळ वाचला.

विद्यार्थी मित्रांनो, यावरून वारणेचा प्रयोग फसला असे समजू नका. उलट त्या केंद्रांना इतकी वर्षे जगविले ते सहकारी संस्थेनेच. कारखान्याचे काम त्यांतून होत होते म्हणून कारखाना त्यांचा खर्च सोशीत होता. ज्या संस्थेला केंद्राची रोज गरज असते, तीच संस्था त्याला जगविते. परंतु केंद्राला एकच काम उरले, तर त्याहून स्वस्त साधन निघताच ते केंद्र अनावश्यक ठरते, हाही धडा त्यातच आहे.

मलप्पुरमची कहाणी

आता थोडे महाराष्ट्राबाहेर जाऊ. केरळातील मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा. एके काळी शिक्षणात मागासलेला म्हणून त्याची गणना होई. १८ नोव्हेंबर २००२ रोजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तेथील ‘अक्षय’ योजनेचे उद्घाटन झाले. जिल्ह्यातील प्रत्येक कुटुंबातल्या किमान एका माणसाला संगणकाची ओळख करून द्यावयाची, असा संकल्प होता. सुमारे हजार कुटुंबांमागे एक याप्रमाणे जिल्हाभर केंद्रे निघाली. ती सरकारी नोकरांनी न चालविता पंचायतींच्या मदतीने निवडलेल्या स्थानिक तरुण-तरुणींनी चालविली. त्यांनी स्वतः कर्ज काढून संगणक घेतले. शिकवणुकीच्या खर्चाचा मोठा भाग पंचायतींनी उचलला, थोडासा शिकणाऱ्या कुटुंबाने दिला. घराघरांतून गृहिणी, आजी-आजोबा, मजूर असे सारे माऊस धरावयास आले.

हा संकल्प पुरा झाला आणि अडचण सुरू झाली. सर्वांना शिकवून झाले, आता केंद्राने करावे काय? शिकवणुकीचे उत्पन्न थांबले आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबेनात. काही केंद्रे बंद पडली. गरिबाची सेवा करावी तर पैसा मिळत नाही, पैसा मिळवावा तर पैसेवाल्या गिऱ्हाइकांच्या मागे जावे लागते, अशी चालकांची ओढाताण अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. पण राज्य सरकारने आणि पंचायतींनी हात झटकले नाहीत. वीज-टेलिफोनची बिले, नाना प्रकारचे दाखले, शिधापत्रिकेची कामे एकामागून एक या केंद्रांकडे सोपविली. त्यामुळे जी केंद्रे तगली त्यांना नित्याचे काम मिळाले आणि ‘अक्षय’ पुढे साऱ्या केरळात पसरली.

मलप्पुरमच्या यशामागे एखादी जादू नव्हती. तेथे पंचायत मागे उभी होती, चालक गावचाच होता आणि जुने काम संपण्याच्या सुमारास नवे काम हाती देणारे शासन होते.

महाराष्ट्रातील केंद्रे आणि आपला जिल्हा

आपल्या राज्यात २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले व ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम गावोगावच्या खासगी केंद्रांतून सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी संगणकाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने विद्यार्थी येत राहिले, त्यांच्या शुल्कावर केंद्रे चालत राहिली. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ तरुणांनी संगणकाला पहिला हात येथेच लावला. ही केंद्रे टिकली, कारण त्यांचे गणित सरळ होते. पण जो शुल्क देऊ शकत नाही त्याच्यासाठी तेथे जागा नव्हती, हेही तितकेच खरे.

सप्टेंबर २००६ मध्ये केंद्र सरकारने देशभर एक लाख सामायिक सेवा केंद्रे काढण्याची योजना मंजूर केली. आपल्याकडे ती ‘महा ई-सेवा केंद्र’ या नावाने ओळखीची झाली. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा दाखला तेथून मिळू लागला. २०११ साली ग्रामपंचायतींतून ‘संग्राम’ म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र ही योजना आली. ग्रामपंचायतीच्या कचेरीत संगणक आला आणि त्यावर काम करणारा संगणक परिचालक आला. हा बहुधा गावचाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी असे. परंतु त्याची नेमणूक कंपनीमार्फत, मानधन तुटपुंजे आणि तेही महिनोन्‌महिने थकलेले! या परिचालकांना मानधनासाठी मोर्चे काढावे लागले. २०१५ अखेर ‘संग्राम’ची मुदत संपली आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावाने नवी व्यवस्था सुरू झाली. पाटी बदलली, योजना बदलली, पण खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा प्रश्न मात्र जुनाच राहिला.

तारेचेही तसेच. ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची राष्ट्रीय योजना मंजूर झाली, ती पुढे ‘भारतनेट’ म्हणून प्रसिद्ध पावली. जमिनीखालून तार नेणे एक वेळ सोपे, पण रस्त्याच्या किंवा पाण्याच्या पाइपच्या खोदकामात ती तुटली तर ती जोडावयास कोण येणार आणि किती दिवसांनी येणार, हा खरा प्रश्न आहे. तुटलेल्या तारेच्या गावात पेटी भिंतीवर असते, तिच्यावरचा दिवा मात्र पेटत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या भरवशावर राहणेही धोक्याचे. जानेवारी २०१६ मध्ये गूगलने रेलटेलच्या साहाय्याने मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वायफाय सुरू केले, दोन-अडीच वर्षांत अशी चारशे स्थानके झाली आणि २०२० च्या प्रारंभी गूगलने त्यातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. रेलटेल मागे उभी होती म्हणून स्थानकांवरची सोय चालू राहिली. बीड शहराला तर रेल्वेच १७ सप्टेंबर २०२५ रोजी लाभली. इंटरनेट आपल्याकडे रेल्वेच्या कितीतरी वर्षे आधी आले आणि तरीही गावातल्या केंद्राची घडी अजून बसावयाची आहे!

आणखी एक गोष्ट सांगणे कडू असले तरी आवश्यक आहे. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविम्याची योजना राज्यात लागू झाली. शेतकऱ्याने एक रुपया द्यावयाचा आणि केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून चाळीस रुपये मिळावयाचे, अशी व्यवस्था होती. बहुसंख्य केंद्रचालकांनी रात्र रात्र जागून शेतकऱ्यांचे अर्ज भरले, हे विसरता येणार नाही. पण काहींनी दुसऱ्याच्या, इतकेच नव्हे तर सरकारी जमिनीवरही बोगस अर्ज भरल्याचे उघडकीस आले. त्यात आपल्या जिल्ह्याचे नाव ठळकपणे आले, काही केंद्रांवर कारवाई झाली. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली. केंद्राचे उत्पन्न निव्वळ अर्जांच्या संख्येवर ठेवले आणि वर कोणाची देखरेख नसली, तर काय होते याचा हा धडा आहे. काही जणांच्या करणीने साऱ्या केंद्रांवरचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेले केंद्र उघडे असूनही बंदच म्हटले पाहिजे.

“आता मोबाईल आहे, केंद्र कशाला?”

असा प्रश्न काही पालक विचारतात. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, घरोघर स्मार्टफोन आला, हे खरे आहे. परंतु तो फोन कोणाच्या खिशात असतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले, स्त्रियांत हे प्रमाण अवघे ३३ टक्के होते. टाळेबंदीत २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्या घराघरांत काय घडले ते आठवा. फोन अब्बांबरोबर कामावर गेला, उरलेल्या वेळात तो भावाला मिळाला आणि बहिणीचा तास बुडाला. आई-वडील ऊसतोडीला गेलेल्या घरात तर फोनही त्यांच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेला आणि मूल दादीजवळ राहिले.

शिवाय फोनवर बातम्या वाचणे निराळे आणि अर्ज भरणे निराळे. कागद ठरलेल्या आकारात चढविणे, नावातील एका अक्षराची चूक सुधारणे, आधारमधील नाव आणि शाळेच्या दाखल्यातील नाव जुळविणे ही कामे मोठ्या पडद्यावर आणि जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच नीट होतात. आपल्या समाजात तर ही अडचण दुहेरी आहे. उर्दू शाळेच्या नोंदीतील एकच नाव मराठीत एक, इंग्रजीत दुसरे आणि आधारवर तिसरेच होऊन बसते. ‘शेख’ आडनाव कोठे आधी तर कोठे शेवटी लागते. यंत्राला हे कळत नाही, ते अर्ज परत पाठविते. अशा वेळी तिन्ही लिप्या जाणणारा एक समजूतदार माणूस शंभर फोनांपेक्षा मोलाचा ठरतो. २०२५ साली वक्फ मिळकतींच्या नोंदी ‘उमीद’ पोर्टलवर करावयाची वेळ आली, तेव्हा जुने उर्दू-फारसी कागद हाती घेऊन बसलेल्या मुतवल्लींना हाच अनुभव आला.

आपण काय करावे?

इतिहास वाचून ‘सरकारने करावे’ एवढेच म्हणून थांबलो, तर वाचल्याचा उपयोग काय? आपल्या शिक्षणसंस्थांकडे इमारत आहे, वीज आहे, शिकलेली माणसे आहेत. ज्या शाळांत संगणक कक्ष आहे तो दुपारनंतर कुलूपबंद असतो. तो कक्ष संध्याकाळी दोन तास आणि रविवारी सकाळी पालकांसाठी उघडता येणार नाही काय? त्यासाठी पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट पैशाची. कार्नेगीची अट आपण आपल्यालाच घालून घ्यावी. कोणी दानशूर गृहस्थ संगणक देऊ लागला तर त्याचे आभार मानावेत आणि त्याच वेळी दरवर्षाच्या खर्चाची तजवीजही करावी. समजा, एक संगणक चाळीस हजारांचा आहे आणि तो पाच वर्षे चालतो. तर दरवर्षी आठ हजार बाजूला टाकले पाहिजेत, तरच सहाव्या वर्षी नवा येईल. वीज, जोडणी, कागद, शाई, दुरुस्ती यांचा हिशेब निराळा. ही दूरदृष्टी आपल्या पूर्वजांना होती. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, अठराव्या शतकातील पाणचक्की पाहा. दूरवरून मातीच्या नळांनी पाणी आणून तिचे चाक फिरविले आणि त्या पिठावर दर्ग्यातील यात्रेकरू, फकीर व विद्यार्थी यांच्या भाकरीची सोय झाली. नुसती इमारत बांधून ते थांबले नाहीत, ती चालत राहण्याची युक्ती त्यांनी इमारतीतच बसविली.

दुसरी गोष्ट माणसाची. संस्थेच्याच एखाद्या माजी विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला ठरलेले मानधन देऊन नेमावे आणि ते मानधन महिन्याच्या महिन्याला द्यावे. सेवाभाव चांगला, पण सेवाभावावर कोणाचे घर चालत नाही. मुलींसाठी व स्त्रियांसाठी वेगळी वेळ ठेवून तेथे एखादी शिक्षिका बसविली, तर ज्या आया आज केंद्राची पायरी चढत नाहीत त्याही येतील.

तिसरी गोष्ट विश्वासाची. दराची पाटी दारावर असावी. घेतलेल्या पैशाची पावती द्यावी. आधारच्या छायाप्रती टेबलावर पडू देऊ नयेत, फोनवर आलेला सांकेतिक क्रमांक दुसऱ्याला सांगावयाचा नसतो हे प्रत्येकाला समजावून द्यावे. महिन्याचा हिशेब सूचनाफलकावर लावावा.

चौथी गोष्ट कामाची. केंद्राने एकाच कामावर विसंबू नये. मे-जूनमध्ये प्रवेश, जुलैमध्ये पीकविमा, पुढे शिष्यवृत्ती, हिवाळ्यात स्पर्धा परीक्षांचे अर्ज आणि वर्षभर वाचन, अभ्यास, उर्दू-मराठी टंकलेखन अशी कामे आखून घ्यावीत. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद स्वयंसेवी संस्थांमार्फत संगणकाचे अभ्यासक्रम चालवीत आली आहे, त्याची चौकशी करावी. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेप्रमाणे परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देता येते, त्याचाही विचार व्हावा.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट विद्यार्थ्यांच्या हातची आहे. नववी-अकरावीच्या मुला-मुलींनो, तुम्ही केंद्रावर येणाऱ्या आजीचा अर्ज भरून द्या, पण पुढच्या वेळी तो तिने स्वतः भरावा अशा रीतीने भरून द्या. स्वतःच्या घरापासून आरंभ करा. अम्मीला तिच्याच खात्याची शिल्लक तिची तिला पाहता आली, तर ते काही लहान काम नव्हे.

पालक बंधू-भगिनींनो, आपल्याकडे उद्घाटनाला गर्दी होते. फीत कापली जाते, छायाचित्र निघते, स्मरणिकेत छापले जाते. ते अवश्य छापावे. पण त्याच पानावर आणखी तीन आकडे छापण्याचा पायंडा आपल्या संस्थांनी पाडावा, अशी नम्र सूचना आहे. गेल्या वर्षी केंद्र किती दिवस उघडे होते? किती जणांनी त्याचा लाभ घेतला आणि त्यांत स्त्रिया किती? यंत्र बंद पडल्यावर ते किती दिवसांत दुरुस्त झाले? हे तीन आकडे दरवर्षी न चुकता छापले गेले आणि आपण ते न चुकता विचारत राहिलो, तर केंद्र टिकेल. उद्याच्या प्रवेशाच्या वेळी आपल्या मुलाला-मुलीला त्याचे दार उघडे सापडावे, यासाठी विचारणा आजपासूनच व्हावयास हवी.